नहरातले मास्तर

मार्च २०२५ मध्ये, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, नागभीडजवळच्या घोडाझरी तलावात चिमूर तालुक्यातले पाच तरुण बुडून गेले. त्याच्या आधी, जानेवारी २०२४ मध्ये, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बाया मिरची तोडायला वैनगंगेच्या पलीकडे निघाल्या होत्या. डोंगा मधोमध उलटला आणि सहा जणी गेल्या. ही दोन नावं आठवली कारण ती मोठ्या पेपरात आली. बाकी बोडीत गेलेलं एखादं पोट्टं, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला नदीत उतरलेला गडी, गणपती शिरवताना पाय घसरलेला पोरगा, हे आतल्या पानावर चार ओळीत येतं आणि दुसऱ्या दिवशी तो पेपर भजे बांधायला जातो.

दरवेळी आपण तेच बोलतो. धोक्याचा फलक लावा, कठडे बांधा, तलावावर पोलीस ठेवा, पर्यटकांना बंदी करा. फलक लावावेत, माझी ना नाही. पण वर्धा, वैनगंगा, इरई, प्राणहिता, इंद्रावती, पामुलगौतम, पर्लकोटा अशा नद्या आणि गावोगावी तलाव-बोड्या असलेल्या दोन जिल्ह्यांत किती फलक लावणार? पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना दवंडी. आपण पाण्यातच राहतो, दुसरीकडे जायची सोय नाही. तरी "पोरांना पोहायला कोण शिकवणार?" हा प्रश्न कोणत्याच निवेदनात दिसत नाही.

हा प्रश्न डोक्यात आला की मला एक मास्तर आठवतात. ते आपल्याकडचे नाहीत. सातासमुद्रापलीकडचे, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांचे. तिथल्या विद्यापीठाचे पोहण्याचे कोच म्हणून त्यांनी पुढे बरीच वर्षं काढली, पण त्यांची सुरुवात झाली उसाच्या शेताला पाणी नेणाऱ्या एका नहरात. आपल्या आसोलामेंढ्याच्या पोटपाटासारखाच समजा. आपल्या भागातल्या लोकांना ही गोष्ट पटकन समजेल, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

मास्तरांचं नाव सोइची साकामोटो. जन्म १९०६ चा, माउई बेटावरचा. आईबाप जपानहून आलेले. त्या काळी हवाई म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातली बेटं, राज्याचा दर्जा मिळाला तो १९५९ मध्ये. सगळा कारभार उसाभोवती फिरायचा. बेटाच्या एका बाजूला धो धो पाऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडं रान, म्हणून कंपन्यांनी १८७० च्या दशकापासून डोंगराकडचं पाणी नहर काढून शेतात आणलं. शेतात राबायला मजूर आणले जपानचे, चीनचे, पोर्तुगालचे, फिलिपिन्सचे, पोर्तो रिकोचे. त्यांच्या वस्त्यांना म्हणायचे कॅम्प. साहेबांची घरं वेगळी, त्यांच्या सोयी वेगळ्या. आपल्याकडच्या खाणींच्या आणि मिलच्या जुन्या वसाहती ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे चित्र काही नवीन नाही.

पुउनेने नावाच्या गावात साखर कारखाना होता आणि कारखान्याजवळ शाळा. साकामोटो त्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मजुरांची पोरं शाळा सुटली की उन्हाने कावून नहरात उड्या मारायची. नहर कंपनीचा, पाणी कंपनीचं, त्यामुळे रखवालदार यायचा आणि पोरं कपडे बगलेत मारून पळायची. हे रोजचंच. मास्तरांनी एक दिवस जाऊन सांगितलं की पोरांना पाण्यात उतरू द्या, मी काठावर उभा राहतो, काही झालं तर जबाबदारी माझी.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. हे साकामोटो काही पट्टीचे पोहणारे नव्हते. जेमतेम हातपाय मारता येत होते म्हणे. पोहण्याचं कुठलं प्रमाणपत्र नाही, कुठे प्रशिक्षण नाही. आधी फक्त पोरं बुडू नयेत म्हणून काठावर उभे राहिले. उभ्या उभ्या पाहायला लागले की कोणाचा हात कसा पडतो, कोणाचा दम कुठे तुटतो. विज्ञानाचा मास्तर तो, पाहिलेलं तपासून बघायची सवय. वाचत गेले, करून बघत गेले.

नहर उथळ आणि अरुंद. त्यात पोहण्याच्या शर्यतीचा सराव कसा घेणार? साकामोटोंनी त्यातूनच मार्ग काढला. पाणी वाहतं होतं, तर पोरांना प्रवाहाच्या उलट पोहायला लावलं. वाहत्या पाण्याविरुद्ध हात मारत राहायचं, थांबलं की पाणी मागे नेणार. आज मोठाल्या प्रशिक्षण केंद्रांत मशिनने पाण्याचा झोत सोडून खेळाडूला त्याविरुद्ध पोहायला लावतात, त्याला लाखो रुपये लागतात. या पोरांना तो झोत उसाच्या कृपेने फुकट मिळाला. मग प्रवाहाबरोबर खाली यायचं, तेव्हा आपण किती जोरात जातो याची गंमत अंगाला कळायची. वर जाताना ताकद, खाली येताना वेग. पुढे कॅम्पजवळ तलावही मिळाला, पण पाया नहरातच पडला.

१९३७ मध्ये साकामोटोंनी पोरांना गोळा करून सांगितलं की आपण क्लब काढू, नाव 'थ्री इयर स्विम क्लब'. तीन वर्षं रोज पोहायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. तीन वर्षंच का? कारण १९४० चं ऑलिम्पिक टोकियोला ठरलं होतं. ज्या जपानमधून आईबाप पोट भरायला निघाले, त्याच जपानमध्ये ही अनवाणी पोरं अमेरिकेकडून पोहायला जाणार! ऊस तोडणाऱ्याच्या पोराला असं सांगणं म्हणजे तेव्हा लोकांना येडेपणाच वाटला असेल. आजही कोरची-एटापल्लीच्या शाळेत कोणी मास्तर असं बोलला तर शिक्षकांच्या खोलीत काय हशा होईल, ते आपल्याला माहीत आहे.

पण पोरं पोहली. त्यांच्यातला ताकाशी हिरोसे, ज्याला सगळे 'हेलो' म्हणायचे, १९३८ मध्ये अमेरिकेच्या संघातून युरोपला गेला आणि बर्लिनमध्ये विश्वविक्रम करणाऱ्या रिले संघात पोहला. हिटलरच्या बर्लिनमध्ये, जपानी मजुराचा पोरगा, अमेरिकेच्या बाजूने! दुसरा कियोशी नाकामा, लांब पल्ल्याचा. तिसरी फुजिको कात्सुतानी, कॅम्पातली पोरगी, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. १९३९ मध्ये डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत साकामोटोंच्या पोरांनी सांघिक विजेतेपद उचललं. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मोठमोठ्या शहरांचे, श्रीमंत क्लबांचे संघ मागे राहिले.

आणि ऑलिम्पिक? ते झालंच नाही. चीनशी युद्ध जुंपलं म्हणून जपानने १९३८ मध्येच यजमानपद परत केलं. मग हेलसिंकी ठरलं, तर १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं. १९४० चं ऑलिम्पिक रद्द, १९४४ चंही रद्द. ज्या पोरांनी तीन वर्षं नहराच्या उलट्या पाण्यात हाडं झिजवली, त्यांचं उमेदीचं वय असंच सरून गेलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि एका रात्रीत ही राष्ट्रीय विजेती पोरं स्वतःच्याच देशात संशयित झाली. हिरोसे जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांच्या त्या प्रसिद्ध ४४२ व्या पलटणीत भरती होऊन युरोपात लढला. थंडीत आणि चिखलात पाय निकामी व्हायची वेळ आली. तो परत आला, पुन्हा पोहायला लागला आणि १९४६ मध्ये अमेरिकेच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत १०० यार्डाचा विजेता झाला.

मला या सगळ्यात साकामोटोंची गंमत वाटते ती इथे. क्लबाचं नाव तीन वर्षांचं. तीन वर्षांनी ज्यासाठी केलं तेच रद्द झालं. कोणीही म्हटलं असतं, चला, संपलं. सरकारी भाषेत बोलायचं तर योजनेचा कालावधी संपला, निधी परत. साकामोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर उभे. होनोलुलूहून बिल स्मिथ नावाचा पोरगा त्यांच्याकडे माउईला शिकायला आला. त्याने १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकं घेतली, ४०० मीटर फ्रीस्टाइलचं एक आणि रिलेचं एक. तीन वर्षांचं काम अकरा वर्षांनी फळाला आलं, आणि तेही सुरुवातीच्या पोरांच्या हातात नाही, मागून आलेल्याच्या हातात. मास्तरकीचा हिशेब असाच असतो. पेरतो एका बांधीत, पिकतं दुसऱ्या.

युद्धानंतर साकामोटो होनोलुलूला हवाई विद्यापीठात पोहण्याचे कोच झाले आणि जवळपास वीस वर्षं ते काम केलं. एव्हलिन कावामोटो ही त्यांचीच विद्यार्थिनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तिने दोन कांस्यपदकं मिळवली. १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरणाच्या मानाच्या यादीत साकामोटोंचं नाव लागलं. १९९७ मध्ये वारले तेव्हा वय ९१. जेमतेम पोहता येणारा माणूस!

यात कॉलेजांचा वाटा केवढा, तेही बघा. नहरातली ही पोरं गरिबाघरची. पुढे शिकायची ऐपत नव्हती. नाकामा, हिरोसे आणि बिल स्मिथ तिघंही पोहण्याच्या जोरावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. तिथे माइक पेपी नावाचे कोच होते. १९३१ मध्ये त्यांनी तिथला पोहण्याचा संघ उभा केला आणि १९६३ पर्यंत तेच कोच. बत्तीस वर्षं एका जागी! त्यांच्या संघाने अकरा वेळा अमेरिकेचं आंतरमहाविद्यालयीन विजेतेपद जिंकलं. त्याच ओहायो स्टेटमध्ये पोहलेला जेम्स काउन्सिलमन पुढे इंडियाना विद्यापीठात १९५७ ते १९९० कोच होता, मार्क स्पिट्झ त्याचा विद्यार्थी. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदकं घेणारा तो स्पिट्झ. या काउन्सिलमननेही कमाल केली. १९७९ मध्ये, वय ५८ असताना, स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेला.

आणि नाकामा? शिकून हवाईला परतला, शाळेत मास्तर झाला, पुढे तिथल्या विधानसभेत निवडून गेला. १९६१ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, मोलोकाई बेटापासून ओआहूपर्यंतची २७ मैलांची समुद्राची खाडी पोहून पार केली. साडेपंधरा तास लागले. अशी नोंद असलेला तो पहिला माणूस. उसाच्या नहरात कपडे काढून उडी मारणारं पोट्टं ते हेच.

आता आपल्याकडे येतो.

पाण्याचा वारसा म्हणाल तर माउईपेक्षा आपला कितीतरी जुना. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन द्यायची, ही परंपरा आपल्या झाडीपट्टीत आजही म्हातारी माणसं सांगतात. कोहळ्यांनी उतार बघून पाळी घातल्या, एका तलावाचा सांडवा दुसऱ्यात सोडला. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव. चंद्रपूर शहरात रामाळा, बाजूला जुनोना. ढिवर समाजाची तर हयात पाण्यावर. डोंगा चालवणारा, जाळं फेकणारा, तळाला बुडी मारून अडकलेलं जाळं सोडवणारा माणूस दर चार गावांमागे सापडतो. कोणी बुडालं की तहसीलदार कोणाला बोलावतात? आधी ढिवरांच्याच पोरांना. शोधपथक नंतर येतं.

म्हणजे येणाऱ्यांना येतं. पण शिकवत कोणी नाही. मी बोडीतच शिकलो, तेलाचा रिकामा डबा पोटाला बांधून, आणि शिकवलं कोणी तर माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या पोरांनी. पाण्यात ढकललं, वर आलो. माझ्या वयाच्या बहुतेकांचं असंच. हे शिक्षण म्हणजे जुगार. जे वर आले ते आज "आम्हाले कोणी शिकवलं होतं?" म्हणून मिशीवर ताव मारतात. जे वर आले नाहीत ते बोलायला नाहीत. आणि या बोडीच्या शाळेत पोरीला प्रवेशच नव्हता. ती काठावर कपडे धुणार, गुंडी भरणार, रोवण्याला कंबरभर चिखलात उभी राहणार, मिरचीला डोंग्यातून जाणार. तिचं सगळं आयुष्य पाण्याच्या बाजूला, पण पोहायला शिकवणं कोणाच्या मनातही आलं नाही. पुउनेनेच्या कॅम्पात १९३७ मध्ये पोरी पोहत होत्या. आपल्याकडे २०२४ मध्ये डोंग्यात बसणाऱ्या बायांपैकी किती जणींना कधी कोणी हातपाय मारायला शिकवलं असेल?

काही जण म्हणतील, चंद्रपूरला तलाव बांधले ना पोहायचे, क्रीडा संकुलं झाली ना. बांधली, चांगलंच आहे. पण टाइल्स लावलेला तलाव पोहायला शिकवत नाही. मास्तर शिकवतो. आणि मास्तर आपल्याकडे टिकत नाही. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे, १९८२ मध्ये जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून. जो येतो तो आल्या दिवसापासून जायच्या अर्जाच्या मागे. क्रीडाशिक्षक कंत्राटी, अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांत पोराचा हात सरळ पडायला लागतो तेवढ्यात मास्तर नागपूरला. साकामोटो, पेपी, काउन्सिलमन यांची नावं मी मुद्दाम वर्षांसकट सांगितली. या माणसांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती अक्कलहुशारी नाही, हुशार लोक आपल्याकडेही पडून आहेत. ते एका पाण्याजवळ वीस-बत्तीस-तेहतीस वर्षं राहिले.

मे २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूरच्या आश्रमशाळेतल्या पाच आदिवासी मुला-मुलींनी एव्हरेस्ट सर केलं, मिशन शौर्य. डोळ्यात पाणी आलं होतं तेव्हा. ज्या पोरांनी बर्फ पाहिला नव्हता त्यांना दार्जिलिंग, लेह करत वरपर्यंत नेता आलं, म्हणजे आपल्या पोरांच्या अंगात काय आहे याबद्दल आता कोणी शंका घेऊ नये. पण एव्हरेस्ट आपल्या गावात नाही. तिथे मोहीम लागते, पैसा लागतो, एकदा होऊन जाते. बोडी गावात आहे. रोज आहे. तिला मोहीम नको, तिला मास्तर पाहिजे.

पैशाचा प्रश्न निघेलच, म्हणून बांगलादेशचं उदाहरण देतो. तिथे घरटी डबकं, पोखर, आणि लहान पोरं बुडून मरायचं प्रमाण भयंकर. तिथल्या लोकांनी टाइल्सचे तलाव बांधले नाहीत. गावच्याच तळ्यात बांबूचा मचाण उभा केला. खाली पाण्यात बांबूची जमीन, बाजूला बांबूचे कठडे, पोर उभं राहिलं की पाणी छातीपर्यंत. गावातल्याच तरुण मुला-मुलींना शिकवून शिक्षक केलं. ते पोरांना तरंगायला, थोडं अंतर पोहायला आणि बुडणाऱ्याला काठावरून बांबू किंवा दोर फेकून कसं ओढायचं तेवढं शिकवतात. स्पर्धा नाही, पदक नाही. असं शिकलेल्या पोरांमध्ये बुडण्याचं प्रमाण फार मोठं घटलं, हे मोजून पाहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले, त्यातले जवळपास निम्मे तिशीच्या आतले. त्या संघटनेने सुचवलेल्या उपायांत शाळेच्या वयातल्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षा शिकवणं हा एक उपाय आहे.

आणि मचाणाला लागतो काय, तर बांबू. तोही आता गडचिरोलीत आयात करायचा का?

नहराबद्दल मात्र एक सावधगिरी. साकामोटोंचा नहर उथळ होता आणि काठावर मास्तर उभा होता. आपल्या सिमेंटच्या कालव्यात काठ गुळगुळीत, पाय रोवायला जागा नाही, पाणी जोरात. तिथे पोरांना उतरवू नका. नदीतही नको. रेती उपसून उपसून वैनगंगेत, वर्धेत जे खड्डे केले आहेत, ते वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून माणूस एका पावलात दोन पुरुष खोल जातो. तो वेगळाच विषय आहे, त्यावर लिहिलं तर काही लोकांना राग येईल, पण कधीतरी लिहीन. तलावातही जिथे शिंगाड्याचे, कमळाचे वेल आहेत तिथे पाय गुंततो. जागा निवडायची ती गावच्या ढिवरांना विचारून. त्यांच्या मच्छीमार संस्थेकडे तलाव ठेक्याने असतो, त्यांना बाजूला ठेवून काही होणार नाही, आणि ठेवूही नये. मी तर म्हणतो शिक्षकही त्यांच्यातलेच घ्या. काठावर उभं राहणाऱ्याला त्या पाण्याची ओळख पाहिजे. पदवी नंतर देता येते.

वेळही आपल्या हंगामाप्रमाणे बसवावी लागेल. मे महिन्यात सुट्ट्या असतात पण बोडीत गाळ उरतो. मार्च-एप्रिलला पोरं मोहफुलाला जातात. पावसाळ्यात नको. धान निसवल्यावर, दिवाळीच्या आसपास, तलाव भरलेला आणि थंडी अजून कडक नाही, तेव्हा महिना-दीड महिना मिळतो. आश्रमशाळेत पोरं तेव्हा जागेवर असतात. दरवर्षी तेवढे दिवस, तेच मास्तर, तीच जागा. पाचवीच्या प्रत्येक पोराला आणि पोरीला.

कॉलेजांचं काम इथे येतं. दोन्ही जिल्ह्यांची कॉलेजं २०११ पासून आपल्या गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत. नवीन धोरणात कॉलेजच्या पोरांना खेळाचे, समाजकार्याचे क्रेडिट मिळवावे लागतात. झाडं लावून फोटो काढण्यापेक्षा जीवरक्षणाचा आणि पोहणं शिकवण्याचा एक अभ्यासक्रम ठेवा. वर्षाला प्रत्येक कॉलेजातून दहा पोरं-पोरी तयार झाली आणि आपल्या गावच्या बोडीवर उभी राहिली, तर मास्तर बाहेरून आणावाच लागणार नाही. पण त्यासाठी विद्यापीठाला एक माणूस कायमचा नेमावा लागेल, पोहण्याचा. कंत्राटी नाही. ज्याला इथेच राहायचं आहे, आणि ज्याने दहाव्या वर्षीही त्याच पाण्यावर यावं. यातून एखादा नाकामा, एखादी फुजिको निघाली तर नशीब आपलं. नाही निघाली तरी डोंगा उलटल्यावर काठाला लागणारी बाई निघेल.

पुउनेनेचा तो साखर कारखाना २०१६ मध्ये बंद पडला, हवाईतला शेवटचा कारखाना तो. उसाचं राज्य संपलं. मास्तरांचं नाव मात्र तिथल्या लोकांना अजून माहीत आहे.

आता वाचणाऱ्यांकडे एक काम. तुमच्या गावात किंवा पंचक्रोशीत पोरांना मनापासून पोहायला शिकवणारा कोणी असेल, ढिवर असो, शाळेचा मास्तर असो, निवृत्त पोलीस असो, बाई असेल तर फारच उत्तम, तर त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर गावाचं आणि तलावाचं नाव मला कळवा. उतार हलका असलेली, वेल नसलेली बोडी कुठे आहे तेही लिहा. नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल, चामोर्शी, आरमोरी, देसाईगंज या तालुक्यांपासून सुरुवात करतो. यादी झाली की ती घेऊन पहिल्यांदा विद्यापीठात आणि मग दोन्ही जिल्हा परिषदांत जायचं आहे. सोबत येणाऱ्यांनीही सांगा, दिवाळीच्या आधी जायचं आहे.